हलके रोलर लावण्यापूर्वी

महोदय,

दिवे घाटात किंवा कात्रजच्या चढावर दोघांना घेऊन धापा टाकणाऱ्या स्कूटरवर हल्ली एकच ठरलेला उपाय सांगितला जातो : हलके रोलर आणि कडक स्प्रिंग टाका, पिकअप वाढेल. (बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद दोन पुलींवरच्या बेल्टने मागे जाते; रोलर ही पुढच्या पुलीतली छोटी गोल वजने आणि स्प्रिंग मागच्या पुलीतली.) १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडापासून बिनगिअरची स्कूटर आपल्या अंगवळणी पडली आहे. तरीही आतली झीज न तपासता थेट सुटे भाग बदलण्याची ही घाई खटकते.

हलक्या रोलरमुळे इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. व्हेरिएटर, म्हणजे रोलर असलेली पुढची पुली, फिरू लागला की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीची थाळी सरकते आणि बेल्ट वर चढतो, म्हणजे वरचा गिअर पडल्यासारखे होते. रोलर हलका असेल, तर तेवढाच दाब यायला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढावा लागतो आणि स्कूटर जणू खालच्या गिअरमध्येच जास्त वेळ राहते. वजन १० टक्क्यांनी घटवले, तर आरपीएम साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. कंपनीने रोलरचे वजन मायलेजकडे पाहून ठरवलेले असल्याने एवढा बदल चढावर उपयोगी पडतो, हे मान्य. पण त्यापुढे रोजच्या वापरात पदरी पडतो तो आवाज आणि पेट्रोलचा खर्च. मागची कडक स्प्रिंग तर बेल्ट आवळून धरते, त्यामुळे तो तापतो आणि लवकर झिजतो.

जुन्या स्कूटरचा पिकअप बहुधा झिजेमुळेच गेलेला असतो. काढलेला रोलर टेबलावर ढकलून पाहावा. एका अंगाने चपटा झालेला रोलर पुरता गडगडत नाही, त्याच अंगावर बसतो. पुढच्या पुलीच्या आतल्या बाजूला मध्यापासून कडेपर्यंत मार्करने रेघ ओढून मोकळ्या रस्त्यावर फेरी मारली, की बेल्टने ती कुठवर पुसली हे कळते. वेग घेऊनही कडेजवळ बरीच रेघ शिल्लक राहत असेल, तर बेल्ट अरुंद झाला असावा किंवा रोलर अडकत असावेत. नट सोडवताना पुलीच्या पंख्यात स्क्रूड्रायव्हर अडकवण्याची काही गॅरेजांतली रीत मात्र बंदच व्हायला हवी. त्याने पाती तुटतात आणि बेल्टला थंड ठेवणारी हवा तीच पाती खेळवत असतात.

बेल्टच्या किमान रुंदीचा आकडा मेकॅनिकसाठीच्या पुस्तिकेत असतो. कंपन्यांनी तो ग्राहकाच्या पुस्तिकेतही छापावा आणि गॅरेजने प्रत्येक सर्व्हिसिंगला कॅलिपरने मोजलेली रुंदी बिलावर लिहून द्यावी.

– एक वाचक, पुणे