गाडीवाल्या कंपनीचं कळलं असेलच, पण काळजी करू नका

ती. आई-बाबा,
सा.न.

दादाने सगळं सांगून टाकलं म्हणे, आणि आई तू रात्रभर जागीच. आधी हे वाच, एक रुपयाही गेलेला नाही, पासपोर्ट माझ्याजवळ आहे, व्हिसाचा याच्याशी काही संबंध नाही. आम्ही मैत्रिणींनी नायगाराला जायला गाडी भाड्याने घेतली होती ना, त्या कंपनीच्या सिस्टिममधून गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, लायसन्सचे नंबर चोरीला गेलेत. बाबा म्हणाले गाडी घ्यायची गरजच काय होती, पण बाबा, इथे तालुक्याला जावी तशी एसटी नाही हो, आणि लायसन्स दिल्याशिवाय कोणी किल्ली हातात देत नाही. एविससारख्या मोठ्या कंपनीतूनही ऑगस्ट २०२४ मध्ये जवळजवळ ३ लाख लोकांची माहिती गेली होती.

इथली पद्धत मात्र मला अजून पटत नाही. चोरी होऊन कित्येक महिने झाले की पोस्टाने साधं पाकीट येतं, माझं तर पिझ्झाच्या कुपनांमध्ये पडलं होतं. पुढचं सगळं आपणच निस्तरायचं. म्हणजे असं, की आपलं नाव, जन्मतारीख आणि ९ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर (इथला आपल्या आधारसारखा सरकारी नंबर) मिळाला की कोणीही आपल्या नावावर कर्ज काढू शकतं, आणि कर्ज देणारे आपल्या कर्जफेडीची फाइल ज्यांच्याकडे मागतात त्या इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन अशा तीन कंपन्या. आपली फाइल बंद करा हे तिघींना वेगवेगळं सांगावं लागतं, एकीला सांगितलं तर दुसरीला पत्ता नसतो. २०१८ पासून हे फुकट आहे एवढं बरं. आणि त्यातल्या इक्विफॅक्समधूनच २०१७ मध्ये १४ कोटींवर लोकांची माहिती चोरीला गेलेली! मी पाकीट उघडलं त्याच संध्याकाळी तिन्ही बंद केल्या, कार्डही बदललं. क्रेडिट कार्डावर कोणी काही घेतलंच तरी कायद्याने ५० डॉलरच्या वर आपल्यावर येत नाही.

पैसे सोमवारी पाठवलेत, हॉलचा अ‍ॅडव्हान्स त्यातूनच द्या. चिऊच्या साखरपुड्याला मला येता येत नाहीये, रजा लग्नासाठी राखून ठेवलीय, तिला तू नीट समजाव, माझ्याशी फोनवर नुसतं हो हो करते. साताऱ्याच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये आई, चिऊचं होऊ दे, मग बोलू. आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नाच्या खर्चापायी पुढे ढकलायचं हे मला न विचारता कसं ठरवलंत? त्याचे वेगळे पाठवते, तारीख घ्या.

तुमची,
मनू