त्या रविवारी मी खोटं सांगितलं

विलिंग्डन बेट, कोची
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात. "चांगला हुद्दा हाय, अजून दहा-अकरा वर्षं बाकी हायत, मग नोकरी सोडायचा कागद का टाकलास?" तिन्ही वेळा मी म्हणालो, घरी आलो की बोलू. फोनवर आई शेजारी बसून ऐकत असते, आणि तिचा श्वास बदलला की माझे शब्द अडतात. म्हणून लिहितोय. हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

2012 सालचा दिवाळीच्या आधीचा रविवार. आई, तू विचारलंस, फराळाचा डबा पोचला का, चकल्या मोडल्या नाहीत ना. मी म्हणालो, पोचला, इकडं सगळं छान आहे. डबा पोचला होता. बाकीचं खोटं होतं.

मी नक्की काय काम करतो हे तुम्हाला मी कधी धड सांगितलंच नाही. गल्लीत तुम्ही सांगता, पोरगं नेव्हीत विमान चालवतंय, आणि मी ते तसंच राहू दिलं. माझी उमेदीची सगळी वर्षं गेली ती सी किंग हेलिकॉप्टरवर. दोन इंजिनं, वर पाच पाती, आणि काम पाणबुडी शोधायचं. खोल गेलेली पाणबुडी वरून दिसत नाही, ती ऐकावी लागते. त्यासाठी समुद्रावर 40 फुटांवर येऊन एका जागी थांबायचं आणि विहिरीत घागर सोडावी तसं केबलला बांधलेलं सोनार, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र, पाण्यात सोडायचं. मागं बसलेला गडी ते ऐकतो, आणि तोवर पुढच्या दोघांनी हेलिकॉप्टर तसूभरही हलू द्यायचं नाही. 40 फूट म्हणजे किती, तर आपल्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्याहूनही तीन फूट कमी. अंधाऱ्या रात्री पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नाही. डोळे फसवतात. समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून बसायचं.

त्या आठवड्यात गुरुवारी रात्री, केबल पाण्यात असताना, डाव्या इंजिनाचा सूर बदलला. काटा अजून जागचा हलला नव्हता. मला ते पाठीत कळलं, सीटमधून. पुढच्या क्षणी इंजिनानं मान टाकली. दुसरं चालू होतं, पण तेवढं वजन घेऊन एका इंजिनावर जागच्या जागी तरंगता येत नाही. पुढं पळत राहिलं तर निभावतं. पळायला वेग हवा, वेगासाठी नाक खाली घालावं लागतं, आणि खाली तर पाणी. आम्ही केबल तोडून टाकली आणि नाक झुकवलं. उंचीचा काटा 15 फुटांवर आला आणि तिथं थांबला. मग हळूहळू वर चढायला लागला. कोचीच्या धावपट्टीवर विमानासारखं चाकांवर पळत उतरलो. उतरल्यावर आमच्या सोबतच्या ऑब्झर्व्हर अधिकाऱ्यानं माझ्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं, कारण माझी बोटंच उघडत नव्हती.

बाबा, सूर बदललेला मला कसा कळला ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये मी सातवी-आठवीत असताना तुम्ही ऑइल इंजिनाच्या हेडवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ माझ्या कानाला लावायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय?" मी म्हणायचो, नुसता आवाज येतोय. "आवाज न्हवं, बोलणं ऐक. इंजिन बंद पडायच्या आधी सांगतंय, ऐकणारा पायजे." हंगामात गुऱ्हाळावर इंजिन अडलं की रात्री-बेरात्री तुमच्या एम-80वर मागं बसून मीही यायचो. डिझेलचा आणि उकळत्या रसाचा तो एकत्र वास अजून कधी कधी हँगरमध्ये उगाच आठवतो. अराकोणमला हेलिकॉप्टर शिकवणाऱ्यांनी मला पुष्कळ दिलं, पण कान तुमचा होता.

पोहणंही तुमचंच. पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून तुम्ही मला ढकलून दिलं होतंत आणि आई पायरीवर उभी राहून ओरडत होती. इथं कोचीत आम्हाला हेलिकॉप्टरच्या नकली केबिनमध्ये पट्ट्यांनी बांधून तलावात बुडवतात आणि बुडता बुडता उलटं करतात. खरं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की उलटंच होतं, इंजिनं आणि गिअरबॉक्स वर असतात ना. डोकं खाली, नाकात पाणी, दिवे बंद. एका हातानं खिडकीची चौकट धरून ठेवायची, म्हणजे बाहेरची वाट चुकत नाही, आणि मगच पट्टा सोडायचा. दर वेळी मला डबा सुटल्यावरची ती पहिली गटांगळी आठवते.

आई, तू घाबरायचीस ते उगाच नव्हतं. 1 ऑक्टोबर 2002 ला गोव्यात स्क्वाड्रनच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नौदलाची दोन आयएल-38 विमानं आभाळात एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतले 12 जण गेले. मी तेव्हा खडकवासल्याला एनडीएत शिकत होतो. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "जहाजावर जा लेका, पण उडू नकोस." मी हो म्हणालो आणि नंतर उडायचाच अर्ज भरला. ते तुला वर्षभरानं कळलं. तरी वैमानिकाचे पंख मिळायचे त्या दिवशी तुम्ही दोघं हरिप्रियानं तिरुपतीला उतरून, दर्शन घेऊन, अराकोणमला आलात. छातीवरच्या त्या सोनेरी पंखांवरनं तू पदराचं टोक फिरवलंस, धूळ नव्हती तरी.

तुझ्या सुनेबद्दल मात्र मला जास्त लिहायला हवं, कारण तिनं कधी कुणाकडं बोलून दाखवलं नाही. 18 वर्षांत नऊ क्वार्टर. दर बदलीला काळ्या ट्रंकांवर जुना पत्ता खोडून नवा रंगवायचा. दर बदलीला तिची शाळेतली नोकरी सुटली आणि नव्या गावात तिनं पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. थोरलीच्या जन्माच्या वेळी मी समुद्रात होतो. आई, तू गेलीस तिच्याजवळ. थोरली पहिल्यांदा भेटली तेव्हा 41 दिवसांची होती. त्या गुरुवारचं मी बायकोलाही दोन वर्षं सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला त्याच रात्री कळलं होतं. तुम्ही जेवताना भात दोनदा वाढून घेतलात आणि एकदाही खाल्ला नाहीत." मी ज्यांच्यापासून लपवत होतो ती माणसं एवढी बारकाईनं माझ्याकडं बघत होती.

आता तुमचं सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये मी विशाखापट्टणमला होतो. बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, हायवे बंद, आणि बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "हितं सगळं बरं हाय, पाणी लांब हाय. नेव्हीच्या बोटी आल्यात शिरोळकडं, तू काळजी करू नको." नौदलाची माणसं शिरोळ तालुक्यात घराघरातनं लोक काढत होती, मी हजार किलोमीटरवर बसून बातम्या बघत होतो, आणि त्याच वेळी शुक्रवार पेठेतल्या आपल्या सोप्यात कमरेएवढं पाणी होतं. तुम्ही दोघं शेजारच्यांच्या माडीवर तीन रात्री काढल्यात. मला ते गणपतीत घरी आल्यावर भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेनं सांगितलं. आणि दीड महिन्यापूर्वी रात्री छातीत दुखायला लागल्यावर रिक्षा करून दवाखाना गाठलात, ते मला मावशीकडून कळलं, तेही नवव्या दिवशी.

मी तुम्हाला दोष देऊ शकत नाही, ही सवय या घरात मीच आणली. पण बाबा, मला आता लांबून तुमचा सूर ओळखता येत नाही. फोनवर दोघंही एकाच आवाजात "बरं हाय" म्हणता. जवळ बसल्याशिवाय मला ते कळणार नाही. कागद टाकले ते एवढ्यासाठी. नोकरीवर राग नाही, थकलोही नाही. इथं मार्च 2024 मध्ये नव्या एमएच-60आर हेलिकॉप्टरांचं स्क्वाड्रन उभं राहिलं, कालपरवाची पोरं ती उडवतात, आणि त्यांना बघून हात शिवशिवतात हे मी लपवत नाही.

मुंबईहून बॉम्बे हायला तेलकामगार नेणाऱ्या हेलिकॉप्टरची नोकरी समोर आहे, पगारही दांडगा आहे, तुम्ही म्हणता ते खरं. मी त्यांना नाही कळवलंय. पहिलं वर्ष मी कसलंही काम धरणार नाही. सूनबाईची मात्र कोल्हापुरातल्या दोन शाळांशी बोलणी चालू आहेत. या वेळी तिची नोकरी आधी लागू दे, मग माझं बघू. धाकटा रुसलाय, त्याचे मित्र इथं आहेत. त्याला शेड दाखवा, कुलूप उघडून ठेवा. माडीवरच्या खोलीला रंग द्यायला माणूस बोलावलाय असं ऐकलं, तो आधी थांबवा. मी आल्यावर दोघं मिळून देऊ, तुम्ही शिडीवर चढायचं नाही.

महिनाअखेरीला पूर्णा एक्सप्रेसनं मिरजेला उतरू, तिथनं गाडी करून येऊ. स्टेशनवर येऊ नका.

आई, मी बुधवारी संध्याकाळी फोन करीन. तेव्हा बाबांचे रिपोर्ट हातात घेऊन बस, आणि एकेक ओळ, आकड्यांसकट, मला वाचून दाखव.

तुमचा,
बाळू