धुराचा वास म्हणजे डुप्लिकेट माल नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बनावट दारू कशी ओळखावी यावर एक चौकट आली होती. हेतू चांगलाच आहे, पण त्यात एक ओळ अशी होती की व्हिस्कीला औषधासारखा किंवा जळका वास आला तर माल बनावट समजावा. ही ओळ चुकीची आहे आणि ती कृपया दुरुस्त करा, कारण आपल्या सांगली-मिरजेत याच एका समजुतीपायी चांगल्या बाटल्या मोरीत जातायत आणि दुकानदार विनाकारण शिव्या खातायत.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला आहे, त्यामुळे वास हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आमच्याकडे मळीपासून ईएनए बनतं, म्हणजे ९६ टक्क्यांच्या आसपासचं एकदम न्यूट्रल स्पिरिट, आणि टँकर भरायच्या आधी आम्ही त्याचं सॅम्पल पाणी घालून पातळ करतो, ग्लासवर झाकण ठेवतो, झाकण काढून हुंगतो. काहीच वास आला नाही की माल पास. मळीचा वास आला, तुरट-आंबट काही आलं की परत डिस्टिलेशनला. आपल्याकडची बहुतेक स्वस्त आणि मध्यम व्हिस्की अशाच बिनवासाच्या स्पिरिटवर उभी असते, त्यात रंग, थोडं माल्ट आणि फ्लेवर, आणि म्हणूनच इथल्या पिणाऱ्याच्या नाकाला व्हिस्की म्हणजे गोडसर, कॅरॅमलसारखा वास एवढंच ठाऊक असतं, त्यापलीकडचं काही आलं की लगेच शंका.

पीटेड सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या सातूपासून बनलेली, पीटच्या धुराची व्हिस्की, तिचं गणित याच्या बरोबर उलटं आहे, तिथे वास टिकवण्यासाठी सगळा खटाटोप असतो. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ, गवत, झुडपं हजारो वर्षं अर्धवट कुजून दबून तयार झालेला काळा थर. तो साधारण वर्षाला एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर खोल खणलं की हजारेक वर्षांपूर्वीचं गवत हाताला लागतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, तिथे झाडं कमी आणि वारा फार, त्यामुळे पूर्वीपासून जळण म्हणजे पीटच. सातूला पाण्यात भिजवून मोड आणतात आणि मग ते मोड थांबवायला भट्टीवर वाळवतात (हाच माल्ट), त्या भट्टीत पीट जाळला की धुरातले फिनॉल वर्गातले पदार्थ ओलसर दाण्याला चिकटतात. दाणा ओला असतानाच ते जास्त चिकटतात, म्हणून पीट सुरुवातीच्या तासांत जाळतात आणि पुढचं वाळवणं नुसत्या गरम हवेवर.

आता वासाकडे येतो. फिनॉल म्हणजे जुनं कार्बोलिक. जोसेफ लिस्टर या सर्जनने १८६५ साली ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये जखमा सडू नयेत म्हणून तेच वापरलं आणि तेव्हापासून तो वास म्हणजे दवाखाना असं जगाच्या डोक्यात बसलं. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने, आपण सगळे त्या वासात वावरलेले, मग आयलाच्या लफ्रॉइग व्हिस्कीची बाटली उघडल्यावर आपल्याला पहिल्यांदा दवाखानाच आठवणार, यात नाकाचा काही दोष नाही. क्रेसॉलमुळे औषधी वास येतो, ग्वायकॉलमुळे धुराचा, आणि दोन्ही त्या पीटच्या धुरातूनच आलेत, कुणी बाहेरून घातलेले नाहीत. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हासुद्धा लफ्रॉइग तिथे औषधी म्हणून विकली जायची असं सांगतात, तो वास बघता पटण्यासारखं आहे.

मध्यंतरी हरिपूरजवळ एका मित्राच्या शेतावर बसलो होतो, एकाने दुबईहून येताना ड्यूटी फ्रीमधून आर्डबेग टेन ही आयलाचीच धुराची व्हिस्की आणली होती, सील आमच्या समोर फोडलं. पहिल्याने हुंगलं आणि म्हणाला अरे हे डेटॉल आहे का काय. दुसऱ्याने बर्फ टाकला तर ग्लास धुरकट झाला, मग तर खात्रीच पटली. तिसरा म्हणाला रंग बघ की, पाण्यासारखा फिक्का, असल्या महाग व्हिस्कीला असा रंग असतो होय. मी अडवेपर्यंत अर्ध्याहून जास्त बाटली मोरीत. विमानतळावरून सीलबंद आलेली बाटली बनावट निघायची शक्यता किती हे कुणी विचारातच घेतलं नाही, कारण "जळका वास म्हणजे भेसळ" हे डोक्यात पक्कं बसलेलं. वास पीटचा होता हे वर सांगितलंच. आर्डबेग टेन ४६ टक्क्यांची असते आणि थंड करून गाळलेली नसते, त्यातले तेलकट एस्टर बर्फ-पाण्याने वेगळे होऊन ढगाळ दिसतात, ही उलट चांगली खूण. आणि रंगाचं म्हणाल तर गडद रंग कॅरॅमल घालूनही येतो, स्कॉचमध्ये त्याला परवानगी आहे, तेव्हा फिक्की व्हिस्की म्हणजे हलकी व्हिस्की हा हिशोब धरूच नका.

लेबलवर किंवा माहितीत पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग, लिहिलेलं असतं त्याचाही लोक घोळ करतात. तो आकडा वाळवलेल्या माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. आयलाच्याच व्हिस्की घ्या, बोमोर साधारण २५, लागावूलिन ३५, लफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५५ च्या आसपास, आणि ब्रुकलॅडीची ऑक्टोमोर तर एकदा ३०९ पर्यंत गेली होती. पण पुढे दळताना, आंबवताना, डिस्टिलेशनच्या भट्टीत त्यातलं बरंच मागे राहतं, आणि डिस्टिलेशनमध्ये धुराचे जड फिनॉल शेवटाकडे येतात म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून ठेवायचा तो मधला भाग कुठे तोडायचा यावर धूर किती उतरणार ते ठरतं. माझं काम डिस्टिलेशनचंच असल्यामुळे मला हे सगळ्यात भारी वाटतं. लागावूलिन आणि कुल ईला यांना माल्ट आयलावरच्याच पोर्ट एलनच्या एकाच माल्ट कारखान्यातून येतो, पीपीएमही जवळजवळ सारखा, तरी एक जाड, गोड, सुक्या फळांची आणि दुसरी हलकी, लिंबासारखी स्वच्छ. डिस्टिलेशनच्या भट्टीचा आकार, ती चालवायचा वेग, कुठे तोडलं, एवढ्यानं दोन वेगळी पेयं. आणि पिंपात वर्षं जातील तसा धूर कमी होत जातो, म्हणून जास्त जुनी म्हणजे जास्त धुराची असं अजिबात नाही.

हे सगळं नाकाला कळायला हवं तर प्यायची पद्धत बदलावी लागते. सोडा आणि ग्लासभर बर्फ घातला की थंडीने वास मरतो, राहतो तो फक्त कडवट धूर, आणि मग लोक म्हणतात यात काय आहे. खाली फुगीर आणि वर निमुळता काचेचा ग्लास घ्या, तीस एमएल पुरे, पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा म्हणजे अल्कोहोल नाकात झोंबत नाही. मग साधं पाणी थोडं थोडं घाला. २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून नेमकं ग्वायकॉलचंच बघितलं, अल्कोहोल फार असेल तर ग्वायकॉलचे रेणू द्रवात आत दडून राहतात आणि ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलं की पृष्ठभागाशी गोळा होतात, म्हणजे पाण्याने वास खुलतो हे नुसतं जुन्या लोकांचं म्हणणं नाही. ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की जुळवणारे लोक तर वीस टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात, आम्ही लॅबमध्ये करतो तसंच.

पहिल्या घोटाला फक्त धूरच लागेल. घाई करू नका, जिभेवर पसरू द्या, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला धुराच्या मागून गोडी वर यायला लागते. गुऱ्हाळावर चुलवाणाचा धूर आणि काहिलीतल्या रसाची गोड वाफ दोन्ही एकदम नाकात जातात ना, मला या व्हिस्कीतला धूर-गोडीचा मेळ अगदी तसा वाटतो, आणि म्हणून मी ठामपणे म्हणतो की आपल्या भागातल्या माणसाला ही व्हिस्की कळायला काहीच अवघड नाही, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही.

चखण्याचं एक सांगतो, भडंग आपला अभिमान आहे पण त्यातला लसूण आणि मसाला या व्हिस्कीपुढे नको, जिभेला मग काहीच कळत नाही, भडंग नंतर खा. तासगावचे चांगले बेदाणे मात्र लागावूलिनच्या सोळा वर्षांच्या बाटलीबरोबर फार सुंदर लागतात, हे करून बघाच.

आणि आयलाचीच पाहिजे असंही नाही. बंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन लाँच केली, त्यांची फ्यूजन भारतीय सातू आणि स्कॉटलंडचा पीटेड सातू मिळून बनते. गोव्याच्या पॉल जॉनची एडिटेड हलक्या धुराची आहे आणि बोल्ड चांगली दणदणीत. नवख्याने एडिटेड किंवा फ्यूजनपासून सुरुवात करावी असं माझं मत. आपल्याकडच्या उष्णतेत पिंपातून दरवर्षी उडून जाणारा भागही मोठा, स्कॉटलंडला दोनेक टक्के तर बंगळुरूला दहा-बारा, त्यामुळे इकडची व्हिस्की चार-पाच वर्षांतच तयार होते, वय कमी दिसलं म्हणून नाक मुरडू नका. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर व्यापार करारावर सह्या झाल्यात, त्यात स्कॉचवरची आयात ड्यूटी १५० वरून ७५ टक्के आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायची आहे, म्हणजे या धुराच्या बाटल्या आपल्या दुकानांत वाढणार आणि डुप्लिकेट-डुप्लिकेट म्हणून भांडणंही वाढणार. म्हणून आत्ताच लिहितोय.

बनावट माल नसतो असं माझं म्हणणं नाही, असतो, आणि तो घातकही असतो. पण मिथेनॉल नाकाला कळत नाही हे केमिस्ट म्हणून सांगतो, गोड छान वास येणाऱ्या बाटलीतही ते असू शकतं, तेव्हा वासावर भरवसा ठेवून कुणीही "ही सेफ आहे" म्हणू नये. लायसन्स असलेल्या दुकानातूनच घ्या, बिल मागा, सील आणि बॅच नंबर नीट बघा. कार्यक्रमात कुणी सुटी, उघडलेली महागडी बाटली स्वस्तात देतोय तर घेऊ नका. महाग बाटल्यांचा धोका बहुतेकदा रिफिलिंगचा असतो, रिकामी इंपोर्टेड बाटली भंगारात चांगल्या भावाला जाते आणि तीच हलका माल भरून परत येते. त्यामुळे बाटली संपली की लेबल खरवडून काढा, बूच मोडा, आणि मगच ती भंगारवाल्याला द्या.

आपला,
एक नियमित वाचक, विश्रामबाग, सांगली