बाबुली मेस्त्री, शेवंता आणि तुमचं मत

मुंबई,
ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा विषय निघाला होता. 'नाळ २'मधल्या एवढ्याशा त्रिशा ठोसरला साडी नेसून दिल्लीत पुरस्कार घेताना बघून आई हरखली होती. मी बाबांना विचारलं, शाहरुखला 'जवान'साठी मिळाला तो पटला का? त्यावर बाबा म्हणाले, "आमका काय कळता त्यातला? ता मोठे लोक ठरयतत." आणि फोन आईकडे दिला. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर आपलं बोलणं जेवण, पाऊस आणि गुडघे यांतच संपतं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्हाला कळतं. फार चांगलं कळतं. मला सिनेमा-नाटकाचं जे काही कळतं ते मी तुमच्या शेजारी उभी राहून शिकले, जत्रेच्या मांडवात दशावतारी नाटक बघताना. मुंबईत मी महोत्सवांना जाते, चर्चा ऐकते, परीक्षकांची भाषणं ऐकते. अभिनय कसा बघायचा हे तुमच्याइतकं नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एका जत्रेतलं अजून आठवतं. पहाट व्हायला आली होती, अर्धा मांडव पेंगत होता. राजाचं काम करणारा राजपार्टी बाकड्यावर बसला होता आणि मुलगा रणात पडल्याची बातमी आली. तो बोललाच नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथानक आधी ठरतं आणि बाकी सगळं तिथल्या तिथे सुचून बोलायचं असतं. त्यामुळे मागच्या पोरांना वाटलं, हा अडखळला. कुणीतरी शिट्टी मारली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, मृदुंग थांबला. त्या नटाने हळूच मुकुट उतरवला आणि आपल्या शेजारी बाकड्यावर ठेवला. तुम्ही वळून पोरांना गप्प केलंत आणि माझ्या कानाशी म्हणालात, "तो शब्द शोधीत नाय, गिळता." आज पडद्यावर एखादा मोठा नट गप्प बसतो तेव्हा मी हेच बघते, शोधतोय की गिळतोय. हे ज्याला दिसतं त्याने 'आमका काय कळता' म्हणू नये.

दादा तुम्हाला पणजीला घेऊन गेला आणि 'दशावतार' दाखवून आणला, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. सिनेमा १२ सप्टेंबरला लागला आणि पहिल्याच आठवड्यात इथल्या थिएटरांत मालवणी कानावर यायला लागलं. माझ्या रांगेत कणकवलीकडचं एक अख्खं कुटुंब होतं, आजीपासून नातवंडापर्यंत. सिनेमा सगळाच मला सारखा आवडला असं नाही. उत्तरार्धात सूडाची घाई होते, आणि खाणवाले लोक थोडे जास्तच काळे रंगवलेत. आपल्याकडे खाणी आल्या तेव्हा गाव आतून कसं दुभंगतं, भाऊ भावाशी कसा बोलेनासा होतो, ते त्याहून बारीक दाखवता आलं असतं. पण दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री! डोळे अधू झालेत, मुलगा विनवतोय की आता पुरे, आणि या माणसाला रंग लावल्याशिवाय राहवत नाही. ऐंशी ओलांडलेला नट हे काम करतो, तेही दशावताऱ्याची चाल आणि बसणं अंगात मुरवून. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "माणूस म्हातारो झालो, पण पाय बघ त्याचे." इतकी परीक्षणं वाचली, पायांबद्दल लिहिलेलं माझ्या वाचनात नाही आलं. मी दुसऱ्यांदा गेले ती पाय बघायलाच.

आई, तुझ्या सगळ्या आयुष्यात हा माणूस कुठे ना कुठे आहेच बघ. दूरदर्शनच्या जुन्या काळातला चिमणराव, मग २००१ पासून अल्फा मराठीवरचे टिपऱ्यांचे आबा, मग 'नारबाची वाडी'तला नारबा. तो नारबा बघताना बाबांनी आपल्या सुपारीच्या बागेची नावं घेत घेत सिनेमा पाहिला होता. गांधीजी झाले 'लगे रहो मुन्नाभाई'त, आणि २००६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या कामासाठी आणि 'शेवरी'साठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. सहायक! आता २०२५ चे सिनेमे ज्या वर्षीच्या पुरस्कारांत येतील, त्यात मुख्य अभिनेत्याचं नाव त्यांचं असावं असं मला मनापासून वाटतं. नाही झालं तर वाईट वाटेल, आणि मी ते तुम्हाला लांबलचक फोन करून सांगेन.

आई, आता तुझ्याकडे येते. तू मालिका बघतेस हे पाहुण्यांसमोर सांगायला लाजतेस. का गं? 'चार दिवस सासूचे' तू वर्षानुवर्षं बघितलीस. त्यातल्या रोहिणी हट्टंगडींना 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा मिळालेला आहे. म्हणजे एक गांधी आणि एक कस्तुरबा, दोघंही तुझ्या घरात संध्याकाळी येऊन गेलेत. हलकी गोष्ट नाही ती. हां, ती मालिका तीन हजार भागांच्या वर गेली हे मात्र मला कधीच पटलं नाही. टिपरे आठवड्यातून एकदा यायचे आणि अख्खा आठवडा पुरायचे. रोजच्या मालिकेत लेखक रोज रात्री पुढच्या दिवसाचं लिहीत असतात, शूटिंग आणि प्रक्षेपण यांत काही दिवसांचंच अंतर असतं. एवढ्या ओढाताणीत मध्येच एखादा खरा, माणसासारखा प्रसंग लिहून जाणाऱ्या लेखकाचं मला फार कौतुक आहे. तुला असे प्रसंग बरोबर कळतात. त्या वेळी तू हातातलं काम थांबवतेस.

'रात्रीस खेळ चाले'च्या वेळचं तुझं रूप माझ्या डोळ्यांसमोर आहे. फेब्रुवारी २०१६ ला ती सुरू झाली, ओल्या काजूगरांचे दिवस. हाताला राख फासून तू काजूगर काढत बसलेली, समोर आकेरीचा तो वाडा, आणि तोंडाने अण्णांच्या बायकोची, माईची बाजू घेणं चालू. पहिल्या पर्वात अण्णा गेलेलेच असतात, सगळा घोळ त्यांच्या मागे राहिलेल्यांचा. मला दुसरं पर्व जास्त आवडतं, २०१९ चं, जिवंत अण्णांचं. माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा उभा केला की राग यावा आणि नजर हटू नये. असे अण्णा आपल्याकडे होते, घरोघरी नसतील पण वाडीवाडीत होते. बायका त्यांच्याबद्दल विहिरीवर बोलत आणि घरात गप्प बसत. अण्णांचं जिच्याशी प्रकरण असतं त्या शेवंतेला, अपूर्वा नेमळेकरला, तू सुरुवातीला शिव्या घातल्यास, आणि मग एका रात्री म्हणालीस, "तिचा काय चुकला? तिका खय जागा होती?" माझ्या मते त्या मालिकेवर एवढं बरोबर कोणीच बोललं नाही. तिसरं पर्व नको होतं. भूत करून अण्णांना परत आणलं तिथे त्या माणसाची भीती गेली, फक्त दचकवणं उरलं.

आणि एक गोष्ट मला खुपते. कोकण म्हटलं की भूत, हे आता ठरूनच गेलंय. मालिका, मग 'मुंज्या', मग त्याच्यामागे येणारे सगळे. पहिल्या पर्वाच्या वेळी सिंधुदुर्गात नाराजी झाली होती ती मला तेव्हाही समजत होती. गाव राखणारे राखणदार, देवचार, देवाधर्माची गावऱ्हाटी हे आपल्या जगण्यात आहेच, ते दाखवू नका असं माझं म्हणणं नाही. पण बाबा देवासमोर गाऱ्हाणं घालायला उभे राहतात तेव्हा त्यात भीतीपेक्षा घरातल्या वडीलमाणसाशी बोलल्यासारखं काहीतरी असतं. ते पडद्यावर फार क्वचित येतं. 'दशावतार'मध्ये थोडं आलं, म्हणून मला तो एवढा जवळचा वाटला.

हे लिहिताना मी एक हिशोब केला, बाबांना आवडेल असा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक आजवर मराठीतल्या पाच सिनेमांना मिळालंय: १९५३ चा 'श्यामची आई', मग 'श्वास', 'देऊळ' (ते एका दुसऱ्या सिनेमासोबत विभागून), 'कोर्ट' आणि 'कासव'. यातले तीन आपल्या मातीतले! श्याम दापोलीजवळच्या पालगडचा. 'श्वास'मधले आजोबा नातवाला घेऊन कोकणातून पुण्याला जातात, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. 'कासव' तर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच घडतो. आणि यंदा पुन्हा सुजय डहाकेंच्या कृष्णधवल 'श्यामची आई'ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळालाय. या तीन सिनेमांत भूत नाही. आई आहे, आजोबा आहेत, आणि मनाने मोडलेल्या एका मुलाला घरात घेणारी एक बाई आहे.

'श्वास' ऑस्करला गेला तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले होते, आठवतं? बाबा, तुम्ही पेपरातलं कात्रण ठेवलं होतं. अरुण नलावडेंना बघून तुम्ही म्हणाला होता की हा नट वाटत नाही, एसटीत शेजारी बसलेला माणूस वाटतो.

'कासव' मात्र तुम्ही दोघांनी अजून पाहिलेला नाही, आणि ते माझ्या मनाला लागून राहिलंय. सुवर्णकमळ मिळालेला सिनेमा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, आपल्याच समुद्रावरचा, आणि आपल्या गावात तो कुणी पाहिलेला नाही. वायंगणीला कासवाची अंडी राखणारी माणसं तुमच्या ओळखीची. पिल्लं पाण्याकडे सोडताना मध्ये कुणी पाऊल टाकायचं नाही, हे तुम्ही मला लहानपणी शिकवलंत. त्यात इरावती हर्षे आहे, आलोक राजवाडे आहे, आणि मोहन आगाशे कासवं राखणाऱ्या माणसाच्या भूमिकेत. पुरस्कार देणाऱ्यांनी सिनेमा निवडला हे चांगलंच केलं. पण तो ज्यांच्यावर आहे त्यांच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारीही कुणीतरी घ्यायला हवी. तालुक्याच्या शाळेच्या सभागृहात एक पडदा लावला तरी चालेल. हे मी अगदी गंभीरपणे म्हणतेय.

वाहिन्यांचे स्वतःचे पुरस्कार सोहळे मला बघवत नाहीत. आपल्याच मालिका, आपलेच कलाकार, आपलीच मतं, आणि प्रत्येकाला काहीतरी मिळेल इतके विभाग. आई, तुला ते कपड्यांसाठी आवडतात, बघत जा. पण त्यावरून कोण चांगलं ते ठरवू नकोस. टीआरपीवरूनही नको. दर गुरुवारी जे आकडे येतात ते देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत बसवलेल्या मीटरांवरून काढलेले असतात. आपल्या घरात तसलं मीटर नाही. तू रोज साडेआठला काय बघतेस, पावसात डिश सिग्नल सोडते तेव्हा शेजारच्या काकींना फोन करून काय झालं ते विचारतेस, आणि 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, ऑगस्टमध्ये गेल्या तेव्हा तू टीव्ही बंद ठेवलास, यातलं काहीही त्या आकड्यांत जात नाही. म्हणून तर तुझं मत तू स्वतः बोलून दाखवायला हवंस, दादाच्या सासरच्यांसमोरसुद्धा.

टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'वर आपलं जमत नाही ते नाहीच. बाबांना प्रभाकर मोरेंचं 'शालू' कितीही वेळा चालतं. मला आता त्यांच्याकडून दुसरं काही बघायचंय, कारण त्या माणसात कोकणातल्या नमन-खेळ्यांतला कसलेला सोंगाड्या आहे आणि त्याला एकाच गाण्यात अडकवून ठेवलंय. चिपळूणचा ओंकार भोजने मला आवडतो, तो वेगळ्या जागा शोधतो. आई म्हणते दोघेही चांगले. चालेल.

आता कामाचं. दादाजवळ टॅब पाठवतेय. त्यात 'कासव' आणि 'श्वास' मिळतायत का ते त्याला बघायला सांगितलंय. आवाज कमी वाटला तर छोटा स्पीकर सोबत आहे, लाल बटण दाबून धरायचं. बाबांनी मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नये, दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या, म्हणजे जत्रा सुरू होतील तेव्हा डोळे मोकळे असतील. यंदा ट्रिकसीनवाला दशावतार आला तरी उठून जाऊ नका, त्यातही बाईचं काम करणारा एखादा चांगला स्त्रीपार्टी असतो.

आणि मला दोघांच्या वेगवेगळ्या याद्या हव्यात. या वर्षी पाहिलेल्यांत कुणाचं काम सगळ्यांत चांगलं, कुणाचं उगाच कौतुक झालं, आणि का. 'का' विसरू नका. बाबांनी आईची यादी बघून लिहायची नाही. पोस्टाने पाठवलीत तरी चालेल, पण तुमच्या अक्षरात.

काजूच्या पिशवीबद्दल वहिनीला सांगा की मिळाली.

तुमची,
बाय