वर्गणी भरली म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी गीतकार आहे. अलीकडे एका हॉटेलच्या स्वागतकक्षात बसले असताना छतातल्या स्पीकरमधून माझ्याच गाण्याचा दुसरा अंतरा कानावर आला. आनंद झाला, हे कबूल करते. काउंटरवरचा एक मोबाइल वायरने ॲम्प्लिफायरला जोडलेला होता. सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवण्याचा परवाना घेतला आहे का, असे विचारताच व्यवस्थापकांनी संगीताच्या ॲपची मासिक वर्गणी भरल्याची पावती उघडून दाखवली आणि म्हणाले, "पैसे भरूनच लावतो, मॅडम." त्यांच्या सांगण्यात लबाडी नव्हती, आणि म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

ती वर्गणी घरी किंवा प्रवासात स्वतःपुरते ऐकण्यासाठी असते; व्यावसायिक वापराला ती चालत नाही, हे अशा ॲपच्या अटींतच सहसा लिहिलेले असते. ग्राहकांसमोर गाणे वाजवणे हा कायद्याच्या दृष्टीने वेगळा वापर आहे आणि त्याची परवानगीही वेगळी घ्यावी लागते. शिवाय एका गाण्यात हक्क दोन असतात: शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. त्यामुळे वाद्यवृंदाने प्रत्यक्ष गाऊन सादर केले, तरी शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क शिल्लक राहतोच.

"आम्ही गाण्याचे तिकीट कुठे लावतो?" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९१७ सालीच फेटाळला. जेवणाचे पैसे देणारा माणूस तिथल्या वातावरणाचेही पैसे देत असतो आणि संगीत त्या वातावरणाचा भाग असते, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच्याही आधी, १८४७ मध्ये, पॅरिसच्या एका कॅफेत स्वतःची रचना वाजताना ऐकून एर्नेस्त बुर्जे या गीतकाराने आपल्या पेयाचे पैसे द्यायला नकार दिला होता: तुम्ही माझ्या कामाचे देत नाही, तर मी तुमच्या पेयाचे का द्यावेत? प्रकरण न्यायालयात गेले, निकाल रचनाकारांच्या बाजूने लागला आणि त्यातूनच १८५१ मध्ये फ्रान्समध्ये मानधन गोळा करणारी रचनाकारांची संस्था उभी राहिली.

मात्र परवाना घेतला की काम संपले, असेही मी मानत नाही. जमा झालेली रक्कम कोणाला किती द्यायची, हे कोणते गाणे किती वेळा वाजले यावर ठरायला हवे, आणि नेमकी तीच नोंद बहुतेक ठिकाणी ठेवली जात नाही. मग रेडिओवरच्या यादीवरून किंवा नमुना पाहणीवरून अंदाज बांधला जातो. अशा अंदाजात आधीच गाजलेली गाणी ठळक दिसतात. एखाद्या छोट्या सभागृहात रोज संध्याकाळी लागणारे, फारसे कोणाला ठाऊक नसलेले गाणे निसटते आणि त्याच्या गीतकाराच्या हाती काहीच पडत नाही. मला हे परवाना नसण्याइतकेच अन्यायाचे वाटते. खरे तर मोबाइलवर गाणी वाजली की त्यांची यादी आपोआप तयार होते. ती महिन्याअखेरीस हक्कसंस्थेकडे, म्हणजे हक्कधारकांच्या वतीने परवाने देऊन मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे, पाठवायला फार कष्ट पडू नयेत.

हक्कसंस्थांनीही आपले दर आणि वाटपाची पद्धत सर्वांना वाचता येईल अशी जाहीर करावी. शब्द-चालीसाठी एक आणि ध्वनिमुद्रणासाठी दुसरी अशा दोन दारांत व्यावसायिकाला उभे करण्याऐवजी एकच अर्ज असावा. ब्रिटनमध्ये २०१८ पासून असा संयुक्त परवाना मिळतो. त्या व्यवस्थापकांनी शेवटी मला विचारले होते, "मग अर्ज नेमका कुठे करायचा?" मला त्यांना दोन संस्था, दोन अर्ज आणि दोन दरपत्रके समजावून सांगावी लागली, आणि तेवढ्यात त्यांना दुसऱ्या पाहुण्यांकडे जावे लागले.

आपली नम्र,
एक गीतकार