चाचा, तुम्ही पंखा बंद केलात

चाचा, सलाम.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. नातू वाचून दाखवेल आणि वाचता वाचता मध्येच हसेल, तेही ठाऊक आहे. हसू दे त्याला. समोर बसून हे बोलायला गेले असते तर दुसऱ्या वाक्याला तुम्ही "चहा घेतलास का?" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहिते. आणि चारचौघांत लिहिते, कारण चूकही मी चारचौघांतच केली.

शनिवारी भावे नाट्यमंदिरात आमचा कार्यक्रम झाला. घरच्या गावात तिकीट लावून पहिल्यांदाच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत मराठी नाटक उभं केलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण त्यांच्या नावाच्या थिएटरात एक दिवस वरातीतला बेंजो वाजेल असं कुणी म्हटलं असतं, तर आमच्या गल्लीनं त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. शनिवारी लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. शेवटच्या गाण्याला तर पुढच्या रांगेतल्या दोन काकू पदर खोचून नाचत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर एका पोरानं तोंडासमोर माईक धरला. "तुमचे गुरू कोण?" मी घामानं निथळत होते, डोकं हवेत होतं. म्हटलं, "यूट्यूब!" सगळे हसले, मीपण हसले.

रात्री एकला घरी आले, बेंजोची पेटी उघडली. बटणांवरचा लाल नेलपेंट दिसला आणि घशाशी काहीतरी आलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन करून म्हटलं, ते उत्तर काढून टाक. तो म्हणाला, ताई, चालून गेलं की ते.

म्हणून हे पत्र.

मिरजेबाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते, चाचा, तुम्ही तोवर पान लावा. चाचा मिरजेत सतारी-तंबोरे घडवतात. आमचा बँड पाच जणांचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, आभाराच्या पत्राची जाहिरात व्हायला नको. गिटारवाला घरून आयटीचं काम करणारा. ढोलकीवाला तमाशातल्या काळू-बाळूंच्या कवलापूरचा, त्यामुळं ढोलकी कुठं शिकलास असं त्याला कुणी विचारत नाही. हलगीवाला जतचा, गाणारी पलूसची. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. रात्री शेठ गोदामाची किल्ली देतात, पोती हलवायची नाहीत एवढ्या एका अटीवर. तिथं आमची तालीम. हळदीच्या पोत्यांसारखा आवाज गिळणारा माल दुसरा नाही. शेजारच्या दुकानातल्या वॉचमनचीसुद्धा कधी तक्रार आली नाही. फक्त घरी जाताना आम्ही पाचही जण हळद लागलेल्या नवऱ्या-नवरीसारखे दिसतो.

गिटारवाल्यानं आम्हाला लंडनच्या ममफर्ड अँड सन्सचं वेड लावलं. बँजो, गिटार, पायानं वाजवायचा ढोल आणि सगळ्यांनी मिळून गळा फाडून गायचं. २०१३ ला त्यांच्या अल्बमला ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडलं. मग त्यानं डेन्व्हरचे ल्युमिनीअर्स ऐकवले, आइसलंडचे ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन ऐकवले. दुःखाचं गाणंसुद्धा टाळ्या वाजवत म्हणणारी माणसं. मी म्हटलं, हे आमच्या भजनी मंडळासारखंच आहे, फक्त दाढ्या जास्त.

तो म्हणाला, आपल्याला बँजो पाहिजे. मी म्हटलं, आहे की, आमच्या माळ्यावर.

तो पेटी बघून गारच पडला. त्यांचा बँजो गोल, चामडं ताणलेला, आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी घडवलेला. आपला बेंजो म्हणजे लांबट पेटी, टाइपरायटरसारखी बटणं. जपानात नागोया गावी १९१२ साली एकानं काढलेलं ताइशोगोतो नावाचं वाद्य इकडं येऊन बुलबुलतरंग झालं, आणि वरातीत शिरलं तेव्हा बेंजो झालं. दोघांचं नातं नावापुरतंच. पण मी हट्टाला पेटले. वाजवायचा तर हाच.

तो आप्पांचा बेंजो. पंचवीस वर्षं वरातीत वाजवला त्यांनी. आईनं बटणांवर तिच्या नेलपेंटनं सा, रे, ग लिहून दिलेलं, रात्रीच्या वरातीत दिसावं म्हणून. पुढं डीजे आले आणि बेंजो पार्टी बसली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पेटी चार दिवस पाण्यात. पूर ओसरल्यावर आप्पांनी गाद्या फेकल्या, कपाट फेकलं. पेटी तेवढी पुसून परत माळ्यावर ठेवली. तिचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही.

आता तुमच्या आधीच्या लोकांबद्दल. नावं घेणार नाही, ज्यांचं त्यांना कळेल.

मोठ्या शहरातल्या एका चकचकीत वाद्यांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलानं पेटीला बोटसुद्धा लावलं नाही. "मॅडम, भंगार आहे हे. कीबोर्ड घ्या, त्यात बँजोचा टोन येतो." एका स्टुडिओवाल्यानं आगाऊ पैसे घेतले आणि सगळं रेकॉर्ड झाल्यावर सांगितलं, वरातीचं वाद्य काढून टाका, मग गाणं सुधारेल. पैसे मात्र सुधारले नाहीत, गेले ते गेलेच. एका कॅफेनं बोलावलं, तिथं ज्यूसचं मिक्सर आमच्या प्रत्येक कडव्याला साथ करत होतं. आणि एका महोत्सवात आम्हाला डीजेनंतर वेळ दिला, अकरा मिनिटांनी माईक बंद. आम्ही अर्धं कडवं तसंच ओरडून म्हटलं. समोर खुर्च्या गोळा करणारी पोरं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे आभार वेगळे.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, अगं, मिरज सहा-सात मैलांवर आहे आणि तू कुठं कुठं हिंडतेस?

खरं सांगू, चाचा, मी मुद्दामच आले नव्हते. भीती वाटत होती. मिरजेची सतारमेकर गल्ली म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला लागत नाही. हत्यारांना धार लावणारी शिकलगारांची घरं, सतार घडवणाऱ्या फरीदसाहेबांच्या काळापासून तारांच्या वाद्यांकडं वळली. देशभरातले गवई तुमच्याकडून तंबोरे नेतात. गवई अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि १९३७ साली जिथल्या दर्ग्यात विसावले, त्या गावात मी वरातीचा बेंजो काखोटीला मारून जायचं? वाटलं, हाकलतील.

२०२३ चा मे महिना. दुपारचे दोन. दुकानात भीमाकाठचे भोपळे टांगलेले, पॉलिशचा वास, आणि वर एक पंखा, जो वारा कमी आणि आवाज जास्त देत होता. खुर्चीवर एक पाहुणे बसले होते, तंबोरा न्यायला लांबून आलेले. मी पेटी उघडली तसं त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे पण दुरुस्त करता का तुम्ही?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "आवाज आहे ना त्यात? मग करतो."

मग मला म्हणालात, "वाजव."

वाजवायचं काय त्यात? निम्मी बटणं दबलेलीच, उठत नव्हती. तारा गंजलेल्या. मी कशीबशी एक ओळ काढली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. मी लाजून थांबले. तुम्ही हात वर केलात, "थांब," आणि उठलात. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून, दोन दमांत. मला वाटलं, झालं, आता पेटी मिटून हातात देणार.

तुम्ही पंखा बंद केलात.

परत येऊन बसलात, चष्मा काढून ठेवलात, डोळे मिटलेत. "हां, आता वाजव."

किती वेळ वाजवलं आठवत नाही. एकेक बटण तुम्ही पुन्हा पुन्हा मागून घेतलंत. तुमच्या कानाजवळून घामाची धार दाढीत उतरत होती, ती तुम्ही पुसली नाही, कारण मध्ये हलला असतात तर सदऱ्याचा आवाज झाला असता. तंबोरेवाले पाहुणेही रुमाल हातात धरून गप्प बसले होते. त्या उकाड्यात, त्या मेलेल्या पेटीचं, आत कुठं काही शिल्लक आहे का ते तुम्ही ऐकत होतात.

चाचा, आमच्यासाठी तोवर कुणी काही बंद केलं नव्हतं. मिक्सर नाही, जनरेटर नाही, हातातला मोबाईलसुद्धा नाही. बंद केलं ते आम्हालाच.

पुढचं काय केलंत ते मला अर्धंमुर्धंच कळलं आणि इथं सांगण्यासारखं नाही. एवढं आठवतं की खालची फळी काढून तुम्ही फुंकर मारलीत तर आधी पिवळी धूळ उडाली. तुम्ही बोट लावून वास घेतलात. "हळद?" मग ब्रशनं खरवडलंत तर खाली काळा गाळ. खाली कृष्णामाई आणि वर मार्केट यार्ड. तुम्ही पहिल्यांदा हसलात तेव्हा.

आठ दिवसांनी न्यायला आले. गंज गेला होता, तारांखाली नवी घोडी बसली होती, पेटी आतून बाहेरून घासूनपुसून लख्ख. आणि सगळ्या बटणांवर आईचा नेलपेंट जसाच्या तसा. प्रत्येक अक्षराच्या कडेकडेनं पॉलिश फिरवलेलं. मी काही सांगितलं नव्हतं तुम्हाला. सांगायचं सुचलंच नव्हतं.

पैसे विचारले तर तारांचे तेवढे घेतलेत. बाकीचे? "आवाज नीट लागला की बघू." तीन वेळा विचारून झालं. अजून तुमच्या मते आवाज लागायचाच आहे.

आवाजाचं म्हणाल तर आता आमच्या बेंजोत एक बारीकशी जवारी आहे. तार छेडल्यावर सूर संपतो आणि मागं मधमाशी फिरावी तसा काहीतरी गुणगुणत राहतो. पुण्याच्या कार्यक्रमात एक साउंडवाला स्टेजवर आला, पेडल शोधत वायरीमागं फिरला. म्हणाला, हा इफेक्ट कुठल्या कंपनीचा? म्हटलं, मिरजेचा.

त्यानंतरचं लोकांना माहीत आहे. गोदामात फोनवर शूट केलेलं ते गाणं, सांगली मोठी का मिरज मोठी या भांडणावरचं, फिरलं. (मिरजेची बाजू मीच लिहिली, म्हणून ती जड आहे.) मग इस्लामपूर, कराड, सातारा. साताऱ्यात एका आजोबांनी कंदी पेढ्यांचा पुडा गुपचूप माझ्या पेटीत ठेवला, दोन दिवस बटणं चिकटत होती. मग पुणे, मुंबई. तो महोत्सववालाही फिरून आला, "आपल्याच मातीतली पोरं" म्हणत. मी सांगितलं, तारखा नाहीत. तारखा होत्या.

२०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे घेऊन आले होते. तुम्ही म्हणालात, कागद आला, चांगलं झालं, पण पोरं या धंद्यात टिकली पाहिजेत. तुमचा नातू तेव्हा कोपऱ्यात बसून खुंटी घासत होता. मला वाटतं, कारागिरी शिकवता येत असेल, पण समोरच्याची भिकार वस्तूसुद्धा डोळे मिटून ऐकायची सवय कुठून आणायची? ती तुमच्या गल्लीत बहुतेक घराघरात आहे. दर्ग्यात खाँसाहेबांच्या नावानं भलेभले गवई येऊन हजेरी लावतात, त्यांच्यासमोर लहानपणापासून मांडी घालून बसलेली माणसं तुम्ही. आमच्या पिढीला दहा सेकंदांत अंगठ्यानं गाणं पुढं ढकलायची सवय. मीही त्यातलीच. तुमच्याकडून आल्यापासून घरी एक करते. कुणी काही वाजवून दाखवायला आलं, अगदी शेजारचा सहावीतला पोरगा पिपाणी घेऊन आला, तरी आधी टीव्ही बंद करते. आई म्हणते, हिला काय झालं?

आप्पांचं तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत. "बेंजो त्यांचा, मग त्यांना का नाही आणलंस?" मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. खरं म्हणजे मी त्यांना न विचारता पेटी काढली होती. दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बराच वेळ नुसती बघितली. मग 'सा'वर बोट ठेवलं, वाजवलं नाही, नुसतं ठेवलं, आणि विचारलं, "कुणी केलं?" तुमचं नाव सांगितलं. "त्यांनी? बेंजो?" असं दोनदा म्हणाले.

शनिवारी ते दुसऱ्या रांगेत होते. तुमची खुर्ची त्यांच्या शेजारी ठेवली होती, पास नातवाकडं दिला होता. तुम्ही आला नाहीत, गुडघा. रिकाम्या खुर्चीवर आप्पांनी शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही.

तर येत्या सोमवारी आम्ही दोघं मिरजेला येतोय. आप्पांनी स्वतःहून सांगितलं. भडंग आणतेय, तुमच्यासाठी कमी तिखटाचं वेगळं बांधून घेतलंय. आणि तिसरं बटण परत अडकायला लागलंय. हळदच असणार.

तुमची,
बेंजोवाली