ताश्कंदच्या बाजारात बेदाणा मागितला तेव्हा

चि. पिंटू यास अनेक आशीर्वाद.

व्हॉइस मेसेज पाठवले की तू अर्धेच ऐकतोस आणि अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून आज टाईपच करायला बसलोय, बोटं दुखली तर दुखू देत. तुझी आई पाय उशीवर टाकून झोपलीय, मोबाईलनं आज 17 हजार पावलं दाखवली. ताश्कंद बघून झालं, उद्या ट्रेननं समरकंद.

सकाळी मेट्रोनं सुरुवात केली. 1977 ला सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली मेट्रो, आणि स्टेशनं म्हणजे एकेक राजवाडा आहे रे. आत फोटो काढायला 2018 पर्यंत बंदी होती म्हणे, त्याचा सगळा सूड आपल्या टूरच्या ग्रुपनं आज उगवला. एक स्टेशन अंतराळवीरांचं, निळ्या भिंतींवर गागारिन, तेरेश्कोवा वगैरे गोल चित्रांत. पण माझं मन बसलं पख्ताकोर नावाच्या स्टेशनवर. पख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. भिंतीवर सगळी कापसाची नक्षी. शेतकऱ्याच्या नावानं मेट्रो स्टेशन! आपल्याकडं द्राक्षवाल्याच्या नावानं एसटीचा थांबा तरी आहे का सांग. मग गाईड म्हणाला की सोव्हिएत रशियाच्या काळात कापसाची सक्तीच होती, शाळेतली पोरं पण वेचणीला न्यायचे, ते ऐकून जरा गप्प बसलो.

गाईड पोरगा चांगला आहे, हिंदी आपल्यापेक्षा शुद्ध बोलतो. इथं शास्त्रीजींच्या नावाची शाळा आहे, तिथं हिंदी शिकवतात. शास्त्रीजींचा पुतळा पण बघितला, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. 10 जानेवारी 1966 ला पाकिस्तानबरोबरच्या करारावर सही केली आणि त्याच रात्री, म्हणजे 11 तारीख लागल्यावर ते गेले, हे आपण पुस्तकात वाचलेलं, पण त्या पुतळ्यासमोर उभं राहिलं की वेगळंच वाटतं. आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री, ते पण बोलणी करायला इथंच आलेले. तुझ्या आईनं हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावरचं फूल आणलेलं ते पुतळ्यापुढं ठेवलं. पुढं साडेतीनच महिन्यांनी, 26 एप्रिलला पहाटे भूकंप झाला आणि अर्धं शहर गेलं, 3 लाखांवर माणसं उघड्यावर आली, त्याचं स्मारक आहे, घड्याळ पहाटेच्या वेळेवर थांबलेलं. म्हणून शहर असं रुंद रस्त्यांचं आणि नवं नवं दिसतं, जुनं थोडंच उरलंय. हजरत इमामचा चौक पण दाखवला, छान आहे, ऊन फार होतं.

आता मुख्य गोष्ट. चोरसू बाजार.

मोठा निळा घुमट, त्याखाली गोल बाजार. खाली मटण, दही, चीज, वरच्या गॅलरीत सगळा सुका मेवा. आई माळकरी, तिला खालून न्यायचं म्हणजे डोळ्यावर पदर घेऊनच न्यावं लागलं. आणि भाषा बघ कशी, टरबूजाला तारवूज, तराजूला तारोझी, दुकानाला दोकोन, बदामाला बोदोम. तुझी आई म्हणाली अगं बाई हे तर आपलंच बोलतायत, आणि उत्साहात एका बाईकडं सबजी मागितली. बाईनं गाजरं पुढं केली. इथं सबजी म्हणजे गाजर!

मी हसलो खरा, पण पुढची पाळी माझी होती. मी एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, बेदाणा? म्हटलं शब्दच फारसीतला आहे, बे दाणा, बिनबियांचा, हिला कळणारच. बाई लगेच हो हो करून मला हाताला धरून घेऊन गेली आणि अंड्यांच्या ट्रेपुढं उभं केलं. बारीक बारीक ठिपक्यांची अंडी. मी म्हणतोय बेदाणा, ती म्हणतेय बेदाना, आणि हातानं पंख हलवून दाखवतेय. मागं आपला सगळा ग्रुप जमलेला. गाईड आला आणि हसून हसून वाकला, उझबेक भाषेत बेदाना म्हणजे लावा पक्षी. तीस वर्षं तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात बसलेला माणूस ताश्कंदात लाव्याची अंडी घ्यायला निघाला! आईनं हे सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलंय, तू बघितलं असशील.

मग वर गेलो. आणि पिंटू, तिथून मला दीड तास कुणी हलवू शकलं नाही.

मनुक्यांचे डोंगर रे. पिवळा, हिरवट, तांबूस, काळाकुट्ट. एक दुकानदार होता माझ्याच वयाचा, डोक्यावर ती चौकोनी काळी टोपी. गाईडनं त्याला सांगितलं हा हिंदुस्थानातला द्राक्षवाला आहे, तर त्यानं आधी स्टूल दिलं, मग पियाल्यात हिरवा चहा, मग धंद्याचं बोलणं. मी दोन दाणे बोटात दाबून बघितले, तर त्यानं पण माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे ओळखलं त्यानं. त्यानं तीन ढीग दाखवले. पहिला सबझा, द्राक्षं खाराच्या गरम पाण्यात बुडवून वाळवलेली, म्हणजे आपलं डिपिंगच म्हण, आपण लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑईल घालतो, ह्यांचं साधं खाराचं पाणी. दुसरा बेदोना (हा आपला शब्द, फक्त उच्चार जपून करायचा), काहीही न लावता सरळ उन्हात वाळवलेला, काळपट लाल. आणि तिसरा सोयागी. सोया म्हणजे सावली. मातीची खोली बांधतात, भिंतींना भोकं ठेवतात, आत घड टांगतात आणि नुसत्या वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे वाळवतात. ना ऊन, ना डिपिंग. रंग हिरवा, गंधकाची धुरी न देता हिरवा! आपला माल रॅकवर 12 ते 15 दिवसांत तयार होतो म्हणून आपण मिरवतो, ह्याचा महिना जातो, आणि खाल्ल्यावर कळतं महिना कुठं गेला ते. साल पातळ, आत गर, आणि शेवटी जरा आंबटपणा राहतो, आपल्याकडं तो पूर्ण मरतो.

भाव विचारला. तिन्हींत सोयागी सगळ्यात महाग, साध्या मालाच्या जवळजवळ दुप्पट. (इथं डॉलरला 12 हजार सोम, त्यामुळं सगळे आकडे ऐकून आधी घामच फुटतो.)

तर आता लिहितोच. गेल्या मार्चमध्ये तू म्हणाला होतास की अण्णा दोन रॅक बिनधुरीचा, बिनडिपिंगचा करून बघूया, पुण्यात गिऱ्हाईक आहे, आणि मी शेडवर माणसांसमोर तुला बोललो होतो, पैसे झाडाला लागतात काय म्हणून. ते माणसांसमोर बोलायला नको होतं. आणि बोललो ते पण बरोबर होतं असं नाही. आपल्याकडं हे जमेल का ते बघावं लागेल, इथं हवा कोरडी खणखणीत आहे, आपल्याकडं एप्रिलमध्ये एक वळवाचा पाऊस आला की महिनाभर टांगलेल्या मालाला बुरशी, हे माझं म्हणणं अजून आहे. पण चार रॅक करून बघू, शेडच्या उत्तर बाजूला. दोन नको, चार.

दुपारी पुलाव खायला नेलं, टीव्ही टॉवरजवळ. त्याला पलोव किंवा ओश म्हणतात. कढया एवढ्या मोठ्या की आपल्या यात्रेतली काहील लहान वाटावी. पिवळी गाजरं, हरभरे, मटण, आणि भातात आपला मनुका! वर घोड्याचं सॉसेज ठेवतात, ते मी बाजूला काढायला लावलं, तेवढं धाडस नाही. आईसाठी टूरवाल्यानं शाकाहारी जेवणाचं कबूल केलेलं, आलं काय तर पाण्यासारखी डाळ. लाल भोपळ्याचा समसा (इथला समोसाच म्हण) दिसला म्हणून ती खूश झाली, भट्टीत भिंतीला चिकटवून भाजतात, पण गाईडनं विचारलं तर भटारी सरळ म्हणाला आत दुंब्याची, म्हणजे मेंढ्याची चरबी आहे. खोटं बोलून विकला असता तर कुणाला कळणार होतं, पण नाही बोलला. मग तिनं नान, टोमॅटो कांदा आणि दही खाल्लं, आणि खरं सांगू का, नान इतका भारी होता की मी पण तोच जास्त खाल्ला. मध्ये ठसा मारून नक्षी केलेली, तीळ लावलेले. इथं नान उलटा ठेवायचा नाही, सुरीनं कापायचा नाही, हातानं तोडायचा. आईला हे फार पटलं, भाकरी पालथी पडली की ती लगेच सुलटी करते तसंच.

खरेदी सांगतो म्हणजे विमानतळावर दचकायला नको. सोयागी 4 किलो, बेदोना 1, सबझा 1, नुसती तुलनेला. जर्दाळू 2 किलो, अक्रोड, खडीसाखर (नवात म्हणतात, काड्यावर धरलेली, मंदिरात द्यायला), आणि कुर्त नावाच्या खारट दह्याच्या सुक्या गोळ्या, तुला आवडणार नाहीत पण आईला आवडल्या. खरबूज घ्यायचं होतं, लांबुळकं, उशीएवढं, वास असा की दुकान शोधावं लागत नाही. आईनं नाही घेऊ दिलं. आणि त्या दुकानदारानं घरच्या हुसैनी द्राक्षाचा घड दिला, बोटासारखे लांब मणी, मनात आलं लावायला वेलाची एक काडी मागून घ्यावी, पण क्वारंटाईनची भानगड नको, आणलेल्या काडीबरोबर कुठला रोग आला तर अख्ख्या गावाला पुरेल.

बागेत 8 तारखेला छाटणी धरलीयस ना, त्याआधी मी येतोय, पण थांबू नकोस माझ्यासाठी. पाऊस असेल तर दोन दिवस मागं घे. पेस्टिंगचं औषध जुनं वापरू नकोस, खोलीत डाव्या बाजूला नवा डबा आहे. मोटारीचा स्टार्टर बघून घे.

आईला विचारलं तुला काय सांगू, झोपेतच म्हणाली, त्याला म्हणावं जेवत जा.

तुझे,
अण्णा

ता.क. गाडी घेऊन येशील तेव्हा डिकी रिकामी ठेव. आणि ग्रुपवर त्या लाव्याच्या अंड्यांखाली तू जो हसरा टाकलायस ना, तो मी बघितलाय.